‘नाइस’ शब्दाची व्युत्पत्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा कुर्ता नाइस, मुलाचा निकाल नाइस, सिंहगडावरची हवा नाइस. पुण्यात मराठी बोलताना दिवसातून निदान चार वेळा हा शब्द तोंडात येतोच. त्याचा मूळ अर्थ ‘मूर्ख’ होता हे पहिल्यांदा ऐकलं की विश्वास बसत नाही आणि मग प्रश्नांची रांग लागते. इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी, भाषांतरकार आणि शब्दांच्या कुळाची नुसती हौस असलेले वाचक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

‘नाइस’चा अर्थ खरंच ‘मूर्ख’ होता का, की ही उगाच फिरणारी माहिती आहे?

खरंच होता. इ. स. १३००च्या सुमारास हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचे अर्थ अजाण, मूर्ख, पोरकट असे होते. त्यात कौतुकाचा लवलेश नव्हता. माणसाला ‘नाइस’ म्हणणं म्हणजे त्याला बावळट म्हणणं.

याचा सुंदर पुरावा इंग्रज कवी चॉसरच्या ‘ट्रॉइलस अँड क्रिसेड’ या १३८०च्या दशकातल्या काव्यात आहे. तिथे तो भाषेच्या बदलाबद्दलच बोलतो. हजार वर्षांत बोलण्याची रूपं बदलतात, आणि पूर्वी ज्या शब्दांना मोल होतं ते आता आपल्याला विलक्षण वेडगळ आणि अनोळखी वाटतात, असा त्याचा आशय आहे. या ‘वेडगळ’साठी चॉसरने जो शब्द वापरला आहे तो ‘नाइस’च. आजचा इंग्रजी वाचक ती ओळ सरळ वाचायला गेला तर त्याला अर्थ उलटा लागतो. म्हणजे शब्द बदलतात असं सांगणाऱ्या त्या ओळीतलाच शब्द पुढे बदलून गेला.

मूळ लॅटिन शब्द कोणता? त्याची फोड कशी करायची?

मूळ शब्द ‘नेस्किउस’, म्हणजे ‘ज्याला माहीत नाही तो’. फोड दोन भागांची: ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे.

पहिला भाग आपल्या घरातलाच आहे. लॅटिन ‘ने’ आणि संस्कृत-मराठी ‘न’ ही आद्य इंडो-युरोपीय भाषेतल्या, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी या सगळ्यांच्या पूर्वज भाषेतल्या, एकाच नकाराची रूपं आहेत. ‘नको’, ‘नाही’, ‘नव्हे’ यांच्या सुरुवातीला जो ‘न’ आहे, तोच ‘नाइस’च्याही सुरुवातीला आहे. इंग्रजी ‘नो’, ‘नॉट’, ‘नेव्हर’ यांतला ‘न’ही तिथलाच.

दुसऱ्या भागाचा गोतावळा मोठा आहे. सायन्स, कॉन्शन्स, कॉन्शस, ऑम्निशंट, प्रेशंट हे सगळे ‘स्कीरे’चे वंशज. ‘नाइस’ आणि ‘सायन्स’ हे असे चुलतभाऊ लागतात. एकात जाणणं आहे आणि दुसऱ्यात न जाणणं.

‘स्कीरे’च्याही मागे गेलं तर बहुतेक व्युत्पत्तिकोश ‘कापणे, वेगळं करणे’ या अर्थाच्या धातूपाशी पोचतात. त्याच धातूच्या गोतात संस्कृत ‘छिद्’ आणि मराठी ‘छेद’ येतात. कापण्याचा आणि जाणण्याचा संबंध काय, असा प्रश्न इथे हटकून येतो. एक गोष्ट दुसरीपासून वेगळी काढता आली म्हणजेच ती ओळखता आली, हा तो संबंध. आपल्या ‘विवेक’ शब्दाची घडण अगदी अशीच आहे. ‘विच्’ म्हणजे वेगळं करणे, पाखडणे. त्यावरून विवेक म्हणजे बरं-वाईट वेगळं काढण्याची बुद्धी. नीरक्षीरविवेक म्हणताना आपण ते वेगळं काढणं अजून जपलेलं आहे.

मग ‘अज्ञानी’ आणि ‘नेस्किउस’ हे एकाच धातूचे का?

नाही. अर्थ एक असला तरी धातू वेगळे. संस्कृत ‘ज्ञा’चे नातेवाईक म्हणजे इंग्रजी ‘नो’ (जाणणे या अर्थाचा, ज्याच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीचा मुका ‘क’ आजही उभा आहे) आणि ‘इग्नरंट’मधला ‘ग्न’. त्यामुळे ‘अज्ञान’ची खरी जोडी ‘इग्नरन्स’शी लागते. अर्थ जुळला म्हणून धातू जुळला असं धरणं ही नवशिक्यांची सगळ्यांत मोठी चूक आहे. उलटही तितकंच खरं आहे: ‘छेद’ आणि ‘सायन्स’ अर्थाने लांब, पण कुळाने जवळ.

‘नेस्किउस’चं ‘नाइस’ झालं कसं? उच्चार तर फारच लांबचा वाटतो.

मधल्या पायऱ्या पाहिल्या की लांबचा वाटत नाही. लॅटिनमधून फ्रेंच घडताना शेवटचा ‘उस’ हा प्रत्यय झिजला. ‘स्क’च्या पुढे ‘इ’ होता, त्यामुळे त्यातला ‘क’ मऊ होऊन ‘स’कडे सरकला. ‘इ’ किंवा ‘ए’ पुढे आला की ‘क’ मऊ होणं हे त्या भागातल्या भाषांत नेहमीचं आहे. रोमन वक्त्याचं लॅटिन नाव ‘किकेरो’ असं होतं आणि आपण ते इंग्रजी वळणाने ‘सिसरो’ म्हणतो, त्यात हीच क्रिया दिसते. त्याच ‘इ’च्या ओढीने आधीचा ‘ए’ही ‘ई’कडे झुकला. बाराव्या शतकापर्यंत जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द तयार होता आणि त्याचे अर्थ होते अडाणी, गबाळा, मूर्ख.

इंग्रजांनी तो घेतला तेव्हा उच्चार ‘नीस’सारखा होता. नंतर साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकापाठोपाठ एक सरकले. दीर्घ ‘ई’चा ‘आइ’ झाला. टाइम, वाइन, माइल हे शब्दही तेव्हाच ‘ई’वरून ‘आइ’वर आले. छपाई मात्र या बदलाच्या मधेच सुरू झाली (कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला तो १४७६ साली) आणि स्पेलिंग हळूहळू जुन्या उच्चारावरच गोठलं. म्हणून आज अक्षर एक आणि उच्चार दुसरा.

‘मूर्ख’वरून ‘छान’पर्यंत अर्थ पोचला कसा? मधल्या पायऱ्या सांगा.

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मूर्खावरून अर्थ एका उडीत छानवर गेलेला नाही. प्रत्येक पायरी शेजारच्या पायरीला चिकटून आहे.

सुरुवात मूर्ख, अजाण. ज्याला काही कळत नाही तो पुढे व्हायला घाबरतो, म्हणून शब्द ‘भित्रा, बुजरा’ या अर्थानेही दिसू लागला. बुजरा माणूस चटकन कशाला हात लावत नाही, हे नको, ते नको करतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीला ‘नाइस’ म्हणजे ‘फार नखरे करणारा, सहजासहजी काही पसंत न पडणारा’ असा अर्थ रुळलेला आहे. इथे मराठी वाचकाने थांबून ‘चोखंदळ’ हा शब्द आठवावा. चोखंदळ म्हणजे टीका की स्तुती? कोण, कोणाला, कोणत्या स्वरात म्हणतं यावर ते ठरतं. ‘नाइस’ या उंबरठ्यावर बराच काळ रेंगाळला.

१४००च्या सुमारास ‘नाजूक, कोमल’ हा अर्थ आला. सोळाव्या शतकात ‘काटेकोर, सूक्ष्म, अचूक’ हा आला. नखरेल माणूस बारीकसारीक फरक पाहतो. बारीक फरक पाहणारी नजर म्हणजे सूक्ष्म नजर. आणि ज्या गोष्टीसाठी अशी नजर लागते ती गोष्टही सूक्ष्म. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात ‘नाइस’चा पहिला अर्थ आहे तो बारीकसारीक तपशिलापर्यंत अचूक पारख असलेला, हा. मूर्खाचा पारखी झाला, तोही शब्दाचं एक अक्षर न बदलता.

आता शेवटची उडी. इथे विशेषण माणसावरून वस्तूवर जातं. महात्मा फुले मंडईत एकेक वांगं देठाशी दाबून, उलटंपालटं करून घेणारं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा. गिऱ्हाईक चोखंदळ आहे. पण त्याच्या पिशवीत जी वांगी पडतात ती कशी असतात? निवडक, उत्तम. पारखणाऱ्याचं विशेषण पारखलेल्या मालाला लागलं की ‘निवडक’ आणि मग ‘चांगलं, आनंद देणारं’ हा अर्थ आपसूक येतो. ‘रुचकर, सुखद’ या आजच्या अर्थाचा सर्वांत जुना नेहमी दिला जाणारा दाखला १७६९चा आहे. माणसाच्या स्वभावाबद्दल ‘मायाळू, दुसऱ्याचा विचार करणारा’ हा अर्थ १८३०च्या आसपासचा.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. नवा अर्थ आला म्हणून जुना त्या दिवशी निघून जात नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातली अनेक वाक्यं अशी आहेत की लेखकाला ‘नाइस’चा नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता, हे कोशकारांनाही खात्रीने सांगता येत नाही. शब्द बदलतो तो अशाच संदिग्ध वाक्यांमधून. बोलणाऱ्याच्या मनात ‘नखरेल’ असतं, ऐकणारा ‘रसिक’ समजतो आणि पुढच्या वेळी त्याच समजुतीने तो शब्द वापरतो.

हे असं इंग्रजीतच होतं का?

मुळीच नाही. आपल्याकडे याची तंतोतंत जोडी आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही याचं वाईट वाटतं. तो शब्द ‘मुग्ध’.

‘मुह्’ म्हणजे भ्रम होणे, गोंधळून जाणे. या धातूपासून भूतकाळवाचक धातुसाधित दोन प्रकारे होतं: मुग्ध आणि मूढ. पाणिनीच्या ८.२.३३ या सूत्राने हा विकल्प दिलेला आहे. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही सख्खी भावंडं आणि दोघांचाही मूळ अर्थ ‘भांबावलेला, बुद्धी न चालणारा’. पुढे वाटा फुटल्या. ‘मूढ’ होता तिथेच राहिला. आजही मूढ म्हणजे मूर्ख. ‘मुग्ध’ मात्र अजाण, मग निरागस, मग निरागसपणामुळे गोड दिसणारा आणि शेवटी सुंदर असा चढत गेला. साहित्यशास्त्रातल्या नायिकांच्या भेदांत मुग्धा, मध्या, प्रगल्भा असा क्रम येतो. तिथली मुग्धा म्हणजे अननुभवी, लाजरी. आज आपण मुलीचं नाव मुग्धा ठेवतो आणि गाणं ऐकून मंत्रमुग्ध होतो.

मधली पायरी पाहायची असेल तर कालिदासाच्या ‘मेघदूता’त पाहावी. मेघाला वर झेपावताना बघून, वारा डोंगराचं शिखरच उडवून नेतोय की काय, अशा चकित नजरेने सिद्धांगना वर पाहतात. कवीने त्यांना ‘मुग्ध’ म्हटलं आहे. त्या भोळ्या आहेत म्हणून मुग्ध, की गोड आहेत म्हणून? त्या ओळीत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. इंग्रजी ‘नाइस’च्या बाबतीत कोशकार ज्या संदिग्ध वाक्यांपाशी अडतात, तशीच ही जागा.

त्यामुळे ‘इंग्रजीत मूर्खाला छान म्हणतात’ असं हसण्यावारी नेण्याचं कारण नाही. न कळण्यापासून गोडव्यापर्यंतची वाट दोन वेगळ्या भाषांनी आपापली काढली आहे. फरक इतकाच की इंग्रजी शब्द नखरा आणि काटेकोरपणा यांच्या वळणाने गेला, आणि आपला शब्द थेट निरागसपणातून.

अर्थ असा वर चढण्याला नाव आहे का? आणि खाली घसरण्याला?

चढला तर अर्थोत्कर्ष, घसरला तर अर्थापकर्ष. व्याप्ती वाढली तर अर्थविस्तार, आटली तर अर्थसंकोच. ‘मृग’ म्हणजे संस्कृतात कोणतंही रानातलं जनावर, मराठीत फक्त हरीण, हा संकोच.

उत्कर्षाचं देशी उदाहरण ‘साहस’. धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजोरीचा गुन्हा. मनुस्मृतीत दंडाच्या पायऱ्यांनाच प्रथम, मध्यम आणि उत्तम साहस अशी नावं आहेत, अनुक्रमे २५०, ५०० आणि १००० पण (त्या काळचं नाणं). आज तोच शब्द शौर्याच्या कौतुकासाठी येतो.

घसरणीसाठी ‘नाइस’च्या शेजारी ठेवावा असा इंग्रजी शब्द म्हणजे ‘सिली’. त्याचं जुनं रूप ‘सुखी, ईश्वरकृपा लाभलेला’ या अर्थाचं होतं. जर्मन ‘झेलिश’मध्ये तो अर्थ अजून आहे. इंग्रजीत मात्र धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा आणि अखेर मूर्ख असा तो उतरत गेला. नाइस जिन्याने वर जात असताना सिली त्याच जिन्याने खाली उतरत होता.

फ्रेंचमध्ये हा शब्द अजून आहे का?

आजच्या बोलीत नाही. तिथे तो लयाला गेला. पण स्पॅनिशमध्ये त्याचा सख्खा भाऊ ‘नेसिओ’ जिवंत आहे आणि त्याचा अर्थ अजूनही ‘मूर्ख, हेकट’ असाच आहे. स्पॅनिश शिकणाऱ्यांनी इंग्रजी साम्यावर विसंबून कोणाला कौतुकाने ‘नेसिओ’ म्हणू नये.

१७६९, १८३० ही सालं कशी ठरवतात?

छापील आणि हस्तलिखित मजकुरातून शब्दाचे वापर वेचायचे, प्रत्येक वापर वाक्यासकट आणि सालासकट एका चिठ्ठीवर उतरवायचा, चिठ्ठ्या अर्थानुसार लावायच्या आणि प्रत्येक अर्थाची सर्वांत जुनी चिठ्ठी पुढे ठेवायची. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश असाच झाला. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली.

ही पद्धत समजून घ्यायला पुणेकरांना ऑक्सफर्डला जावं लागत नाही. येरवड्याला डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वावरचा कोश १९४८पासून चालू आहे. सुमित्र मंगेश कत्रे यांनी त्याची आखणी केली, आणि ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे १५०० ग्रंथांतून काढलेल्या चिठ्ठ्या तिथे कपाटांत वर्णानुक्रमे लावलेल्या आहेत. पहिला भाग १९७६ साली प्रसिद्ध झाला. शब्दाचं चरित्र लिहायला किती सोसावं लागतं, हे त्या कपाटांकडे पाहिलं की कळतं.

सालाबद्दल एक सावधगिरी. १७६९ हे अर्थाचं जन्मवर्ष नव्हे. तोपर्यंत तो अर्थ कागदावर उतरला होता, एवढंच ते सांगतं. माणसं बोलायला आधी लागतात, लिहायला मागाहून. उद्या १७५०चं एखादं पत्र सापडलं तर साल मागे जाईल, अर्थाचा क्रम मात्र त्याने मोडणार नाही.

मूळ अर्थ ‘मूर्ख’ असेल तर ‘नाइस’ म्हणणं चूक नाही का?

नाही. शब्दाचा अर्थ तो आज कसा वापरला जातो यावरून ठरतो. मूळ ही त्याची वंशावळ आहे. ‘मूळ अर्थ तोच खरा अर्थ’ असं धरलं तर कुशल माणूस म्हणजे दर्भ नीट खुडणारा आणि प्रवीण म्हणजे वीणा वाजवणारा, एवढ्यावरच थांबावं लागेल.

या चुकीचा एक बोलका नमुना जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत आहे. ती १८१७च्या डिसेंबरात बाहेर आली. त्यात हेन्री टिल्नी हा तरुण नायिकेला, ती पुस्तकालासुद्धा ‘नाइस’ म्हणते म्हणून चिडवतो. हा शब्द आता सगळ्यालाच चालतो, पण मुळात तो कदाचित नीटनेटकेपणा, औचित्य, नाजूकपणा, सुसंस्कृतपणा यांपुरताच असेल, असं त्याचं म्हणणं. ज्याला तो मूळ समजतो तो प्रत्यक्षात मधल्या वाटेवरचा टप्पा आहे. खरं मूळ त्याच्या मागे पाचशे वर्षं. ‘मूळ अर्थ’ म्हणून माणसं बहुधा आपल्या आजोबांच्या काळातला अर्थ सांगतात.

टिल्नीच्या तक्रारीचा दुसरा भाग मात्र रास्त आहे. सगळ्यालाच नाइस म्हटलं की काहीच सांगितलं जात नाही. हे दुखणं आपल्या ‘छान’लाही आहे. निबंधात किंवा परीक्षणात दोन्ही टाळून नेमकं विशेषण शोधावं: भाजी खमंग, चाल गोड, अक्षर टपोरं, माणूस मनमिळाऊ.

जुने इंग्रजी ग्रंथ वाचताना आणि भाषांतर करताना नेमकं कुठे चुकतं?

तीन जागी, आणि तिन्ही सांभाळता येतात.

एक, शेक्सपिअर. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पाचव्या अंकात, रोमिओला पत्र पोचलंच नाही हे कळल्यावर फ्रायर लॉरेन्स म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हतं, फार महत्त्वाचं होतं. इथे नाइस म्हणजे किरकोळ. तिसऱ्या अंकात बेन्व्होलिओ भांडणाला ‘नाइस’ म्हणतो, तिथेही क्षुल्लक. ‘पत्र चांगलं नव्हतं’ असं भाषांतर केलं तर प्रसंगच कोसळतो. साधारण १७५०च्या आधीच्या मजकुरात ‘नाइस’ दिसला की ‘छान’ हा अर्थ शेवटी तपासावा. आधी काटेकोर, नखरेल, नाजूक, क्षुल्लक, मूर्ख हे लावून पाहावेत.

दोन, कायद्याची आणि तर्कशास्त्राची भाषा. ‘नाइस डिस्टिंक्शन’, ‘नाइस पॉइंट’, ‘नाइस क्वेश्चन ऑफ लॉ’ यांत सोळाव्या शतकातला सूक्ष्मतेचा अर्थ आजही टिकून आहे. न्यायाधीश ‘नाइस क्वेश्चन’ म्हणतात तेव्हा वकिलाची पाठ थोपटत नसतात. मुद्दा बारीक आणि अवघड आहे असं सांगत असतात. मराठीत ‘सूक्ष्म भेद’, ‘नाजूक मुद्दा’, ‘बारकाव्याचा प्रश्न’ असं करावं. ‘नायसिटी’ हे नामही असंच: चौदाव्या शतकात मूर्खपणा, आज बारकावा.

तीन, ‘नाइस अँड वॉर्म’, ‘नाइस अँड अर्ली’ अशी जोडी. यात ‘अँड’ जोडण्यासाठी नसून नाइस पुढच्या शब्दाला जोर देतो. ‘छान आणि गरम चहा’ हे मराठी नव्हे. ‘मस्त गरम चहा’ हे मराठी. मराठीत हे काम ‘चांगला’ करतो: चांगले दोन तास उभे होतो, चांगलाच भिजलो. तिथे चांगलं काहीच घडलेलं नसतं, नुसता जोर असतो.

उपरोध वेगळा. ‘छान केलंस!’ हे दूध उतू गेल्यावरही म्हणतात, आणि इंग्रजीत ‘नाइस’ही तसाच येतो. ‘शहाणाच आहेस’मधल्या शहाण्याचं तेच. हा अर्थबदल नव्हे, स्वराचा खेळ आहे. लेखी मजकुरात संदर्भावरूनच ओळखावा लागतो.

लिनक्समधली ‘नाइस’ कमांड याच शब्दावरून आहे का? मग नाइस आकडा वाढवला की प्रोसेस मागे का पडते?

हो, याच शब्दावरून, आणि त्यातल्या सर्वांत नव्या अर्थावरून: दुसऱ्याचा विचार करणारा. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली, आणि प्रोसेस म्हणजे संगणकावर चालू असलेलं एखादं काम; कोणत्या कामाला आधी वाव द्यायचा ते ही कमांड ठरवते. हिंजवडीतल्या अनेकांना हा उलटा वाटणारा आकडा सुरुवातीला चकवतो. आकड्याची व्याप्ती −२० ते १९, एरवी ०. आकडा प्राधान्य मोजत नाही, सौजन्य मोजतो. सौजन्य जास्त म्हणजे ती प्रोसेस इतरांना आधी प्रोसेसर वापरू देते, म्हणून १९ सर्वांत मागे आणि −२० सर्वांत पुढे. आकडा न देता कमांड वापरली तर १० वाढतात. सामान्य वापरकर्त्याला आकडा वाढवता येतो. शून्याखाली नेण्यासाठी सहसा रूटचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य व्यवस्थापकाचे, अधिकार लागतात. रांगेत दुसऱ्याला पुढे जाऊ द्यायला परवानगी लागत नाही, पुढे घुसायला लागते, असं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

‘नीच’, ‘नीस’ म्हणजे भाची-पुतणी, ‘नाईव्ह’ आणि फ्रान्समधलं नीस शहर: यांचा काही संबंध?

एकाचाही नाही.

‘नीच’ मधला ‘नि’ खाली या अर्थाचा आहे. त्यात नकार नाही, जाणणंही नाही.

भाची किंवा पुतणी या अर्थाचा इंग्रजी ‘नीस’ लॅटिन ‘नेप्तिस’वरून आला. त्याचं नातं संस्कृत ‘नप्तृ’शी, म्हणजे आपल्या नातू-नातीशी. मोलाचा शब्द आहे, पण कूळ वेगळं.

‘नाईव्ह’ म्हणजे भाबडा, त्यामुळे इथे अर्थाने फसायला होतं. तो लॅटिन ‘नातीवुस’, म्हणजे ‘जन्मजात’ या शब्दावरून आलेला आहे आणि ‘नेटिव्ह’चा जुळा भाऊ आहे.

नीस शहराचं ग्रीक नाव ‘निकाइआ’. ते विजयाची देवता ‘नाइकी’ हिच्याशी जोडलेलं आहे. बुटांची कंपनी आठवली असेल तर बरोबर आठवली.

मराठीत ‘नाइस’ लिहावं की ‘नाईस’?

मूळ उच्चारात ‘आ’नंतरचा ‘इ’ ऱ्हस्व आणि निसटता आहे, म्हणून ‘नाइस’. ‘टाइम’, ‘लाइट’ हेही तसेच.

एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती स्वतः तपासायची तर कुठून सुरुवात करावी?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी शब्दाचं सर्वांत जुनं लेखी रूप आणि त्याचं साल शोधा. आजच्या रूपावरून अंदाज बांधू नका. मग प्रत्येक अर्थाचा जुना दाखला वाक्यासकट लिहून सालवार लावा. त्यानंतर ध्वनिबदल तपासा: तुम्ही म्हणता तो बदल त्याच भाषेतल्या आणखी चार-पाच शब्दांत दिसतो का? एकट्याच शब्दात दिसत असेल तर बहुधा तुमची जोडणी चुकली आहे. मग शेजारच्या भाषांतली भावंडं पाहा, जसा ‘नाइस’ला स्पॅनिश ‘नेसिओ’ साक्षीदार मिळतो. अर्थाचं साम्य सर्वांत शेवटी. आणि शब्द म्हणजे आद्याक्षरांची जोडणी आहे असं कोणी सांगितलं, तर विसाव्या शतकाआधीच्या शब्दाबाबत ते जवळजवळ नेहमीच खोटं असतं.

मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती हाताशी ठेवा. तिचं पुनर्मुद्रण पुण्यातच १९७५ साली शुभदा-सारस्वतने काढलं. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९५०) जुन्या ग्रंथांतले दाखले देतो. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश (१९४६) त्यांच्या जोडीला घ्यावा. पहिला सराव म्हणून या तिन्हींत ‘मुग्ध’ आणि ‘मूढ’ शेजारी-शेजारी काढून वाचा, आणि प्रत्येक कोशात अर्थ कोणत्या क्रमाने दिले आहेत ते वहीत उतरवा.